जंतू मारणारे लेप : जे मारते, ते शेवटी जाते कुठे?

१/
रंगाच्या डब्यावर, दाराच्या मुठीवर, मोबाइलच्या काचेवर, शाळेच्या बाकाच्या सनमायक्यावर, इतकेच काय पायमोज्यांच्या वेष्टनावरही हल्ली एकच आकडा झळकतो : ९९.९ टक्के जंतूंचा नाश. लेप एकदा दिला की पुढे भिंतच पहारा करील, असे हे आश्वासन. ते नवे वाटते. पण स्वतःच जीव मारणाऱ्या पृष्ठभागाचा माणसाचा शोध किमान अडीचशे वर्षे जुना आहे. या काळात तो जेव्हा जेव्हा फसला, तेव्हा दोन प्रश्नांपैकी एक तरी विचारायचा राहून गेला होता.

२/
पहिला प्रश्न : मारणारे द्रव्य पृष्ठभागातून सुटून शेवटी जाते कुठे?
दुसरा : रोग मुळात त्या पृष्ठभागावरून येत होता का?
आजच्या जाहिरातींत या दोहोंचेही उत्तर सापडत नाही. इतिहासात मात्र ते जागोजागी सापडते, आणि त्याची सुरुवात रुग्णालयात नव्हे, समुद्रात होते.

३/
अठराव्या शतकातील लाकडी जहाजांना तळाशी दोन शत्रू असत. लाकूड पोखरणारा जहाजकिडा, आणि तळाला चिकटून जहाजाचा वेग खाणारे शेवाळ व शिंपल्यासारखे जीव. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवून पाहिला. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा किडा नव्हता आणि शेवाळही नव्हते. पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते. गंमत अशी, की पत्रे गुंडाळून आलेला तपकिरी कागद ज्या ठिकाणी काढायचा राहून गेला होता, तिथले खिळे तेवढे शाबूत होते. निष्काळजीपणाने केलेला हा प्रयोग अनेक हेतुपुरस्सर प्रयोगांपेक्षा अधिक शिकवून गेला.

४/
१७८० च्या सुमारास जवळजवळ सगळे आरमार ताम्रतळी झाले. मग नवी तक्रार आली : तांबेच झिजते, आणि ते फार महाग पडते. १८२३ च्या सुमारास हा प्रश्न रॉयल सोसायटीकडे गेला. सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा हंफ्री डेव्ही होते, आपल्या काळातले सर्वांत नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा उपाय देखणा होता. तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा लहानसा तुकडा जोडायचा. समुद्राच्या पाण्यात तो तुकडा आधी झिजतो आणि तांबे सुरक्षित राहते. आजही पाइपलाइन आणि जहाजे गंजापासून वाचवण्यासाठी हेच तत्त्व वापरतात.

५/
प्रयोग यशस्वी झाला. तांबे झिजायचे थांबले. आणि जहाजे परतली ती तळाला शेवाळाची दाढी आणि शिंपल्यांचे थर घेऊन! वाचवलेल्या तांब्यावर समुद्र खुशाल वाढला होता. आरमाराला डेव्हींचे संरक्षक तुकडे काढून टाकण्याचे हुकूम द्यावे लागले.
या फजितीचे मोल मोठे आहे. झिजणे हा तांब्याचा दोष नव्हता. ते त्याचे काम होते. पृष्ठभाग नुसता 'असून' मारत नाही. तो स्वतःतला अंश पाण्यात सोडतो आणि तो अंश मारतो. सोडणे थांबले की मारणे थांबले.

६/
सूक्ष्म जीवांच्या बाबतीत हेच कार्ल नेगेली यांच्या, १८९३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या, निबंधात दिसते. ज्या पाण्यात तांब्याचे अस्तित्व जेमतेम मोजता येईल, अशा पाण्यातही शैवाल मरते, हे त्यांनी दाखवले. आजच्या चांदीच्या, तांब्याच्या, जस्ताच्या बहुतेक 'जंतुरोधक' लेपांचा पाया हाच आहे : ओलाव्यात धातूचे आयन सुटतात आणि जिवाणूच्या पेशीत बिघाड करतात. म्हणजे लेप काम करीत असेल, तर तो गळतही असतो. 'कायम टिकतो' आणि 'कायम मारतो' ही दोन्ही वाक्ये एकाच डब्यावर दिसली, तर त्यांपैकी एकाची तरी चौकशी करावी.

७/
विसाव्या शतकात समुद्राने हा धडा फार कठोरपणे पुन्हा शिकवला. १९६० च्या दशकापासून जहाजांच्या तळाच्या रंगांत ट्रायब्युटिलटिन, अर्थात टीबीटी, हे कथिलाचे संयुग वापरात आले. परिणाम डोळे दिपवणारा होता : तळ वर्षानुवर्षे स्वच्छ, इंधनाची मोठी बचत. रंगारी, जहाजमालक, आरमारे, सगळेच खूश. पण फ्रान्सच्या आर्काशोंच्या उपसागरात, जिथे कालवांची शेती हाच अनेक कुटुंबांचा व्यवसाय, तिथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पिल्ले जगेनाशी झाली. जी जगली त्यांची कवचे जाडजूड, वेडीवाकडी. बाजारात त्यांना कोण विचारणार?

८/
दोषी होता बंदरात उभ्या असलेल्या छोट्या बोटींच्या तळाचा रंग. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर टीबीटी वापरण्यास बंदी घातली. दरम्यान आणखी विचित्र गोष्ट उघड झाली : लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या अब्जांशाइतके टीबीटी असले, तरी काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटत होते आणि त्यांची प्रजा खुंटत होती. तरीही जागतिक करार व्हायला २००१ साल उजाडले आणि तो अमलात यायला सप्टेंबर २००८. धोका ओळखल्यापासून पाव शतक! करार होईपर्यंत रंग विकला जातच होता, आणि प्रत्येक बंदराच्या गाळात साठतच होता.
टीबीटीनंतर जहाजांच्या तळाला पुन्हा मुख्यतः काय आले? तांबे.

९/
तांब्याकडेच वळायचे, तर मराठी स्वयंपाकघराकडे वळणे भाग आहे. कारण 'सुटणारा पृष्ठभाग' ही कल्पना या घरांना रसायनशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होती, आणि त्यासाठी भाषेत एक नेमके क्रियापद होते : कळकणे. पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार, कढी ठेवली की ती कळकते. म्हणून कल्हईवाला दारात भाता मांडून बसे. तापलेल्या भांड्यात नवसागर, त्यावर कथिल, आणि कापसाच्या बोळ्याने एक झपाट्याची घासणी. भांडे आतून रुपेरी. हासुद्धा एक लेपच. पण उलट्या कामाचा. तो धातूला सुटू देत नाही.
पिण्याच्या पाण्याच्या तांब्याला मात्र आतून कल्हई करीत नसत. आंबट नाही, तिथे उघडे तांबे. आंबट आहे, तिथे कल्हई. हा भेद कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय पाळला जात होता.

१०/
पाण्याच्या तांब्यामागे तथ्य आहेच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या एका अभ्यासात जुलाब घडवणारे जिवाणू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले. जिवाणू नाहीसे झाले आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहिले. या निष्कर्षावर परंपरेचा विजय म्हणून अनेकांनी ढोल वाजवले. पण त्याच धातूची, त्याच घरातली दुसरी गोष्ट सांगताना ढोल वाजत नाहीत. ती पुण्यातली आहे.

११/
'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' हा यकृताचा आजार एकेकाळी भारतातील बालमृत्यूंचे एक भयंकर कारण होता. साधारण एक ते तीन वर्षांचे मूल. पोट फुगते, यकृत दगडासारखे कठीण होते, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत सारे संपते. कित्येकदा एकाच घरातली भावंडे पाठोपाठ जात. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अफाट असते, हे लक्षात आले होते; ते येते कुठून, हे कोडे होते.

१२/
पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे आणि ब्रिटनमधील स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा मागोवा घेतला. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा रोख स्वयंपाकघराकडे होता : आजारी मुलांना फार लवकर, अगदी पहिल्या काही महिन्यांतच, वरचे दूध सुरू झालेले असे, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वा साठवलेले असे. दुधातली प्रथिने तांबे धरून ठेवतात. दूध काही आंबट नव्हे; ते कळकल्याचे जिभेला कळत नाही. अर्भकाच्या यकृताला मात्र कळते.
भांडी बदलण्याचा सल्ला दिला गेला. स्टीलची भांडी एव्हाना घरोघर येतच होती. काही वर्षांत हा आजार दुर्मीळ झाला. अशी भांडी वापरणाऱ्या प्रत्येक घरात तो होत नसे, म्हणून आनुवंशिक कलाचीही शंका घेतली जाते. पण भांडे बदलल्याने मुले वाचली, यात वाद नाही.

१३/
पाणी वाचवते आणि दूध मारते, तेही एकाच फडताळातल्या भांड्यांतून! म्हणून 'तांबे चांगले की वाईट' हा प्रश्नच फोल आहे. किती सुटते, कशात सुटते, कोणाच्या पोटात जाते, हे प्रश्न खरे. जंतुरोधक चमच्यांच्या, बाळांच्या खेळण्यांच्या, चॉपिंग बोर्डच्या वेष्टनांवर 'किती सुटते' हा आकडा शोधून पाहावा. ९९.९ सापडतो. हा सापडत नाही.

१४/
आता दुसरा प्रश्न : रोग पृष्ठभागावरून येत होता का? याचे उत्तर मुंबई-पुण्याने फार मोठी किंमत मोजून मिळवले आहे.
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे अज्ञात होते. अज्ञाताच्या जागी सरकारने जुना समज बसवला : घाण, भिंत, जमीन. मग सुरू झाली पृष्ठभागाविरुद्धची मोहीम. गटारांत आणि घरांत कार्बोलिक ॲसिडचे फवारे, भिंतींना चुन्याची सफेदी, ऊन आत यावे म्हणून कौले उतरवणे, जमिनी उकरणे, सामान जाळणे.

१५/
फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरोघर शिरणाऱ्या सोजिरांविषयी चीड साचत गेली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग शाळेच्या पुस्तकात असतो. त्या मोहिमेतला चुना आणि कार्बोलिक रोगाच्या संदर्भात किती कामाचा होता, हे मात्र पुस्तकात नसते.

१६/
१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी उंदीर आणि पिसू यांच्याकडे बोट दाखवले. त्यांचे म्हणणे बरीच वर्षे हसण्यावारी नेले गेले. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत काटेकोर प्रयोग केले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. ज्यांच्या पिंजऱ्यांना पिसू शिरू न शकणारी बारीक जाळी होती ते वाचले, उघड्या पिंजऱ्यातले मेले. हवा तीच, भिंती त्याच.
आणि आयोगाचा एक निष्कर्ष तर वाचता वाचता थांबायला लावतो : प्लेगच्या जिवाणूंनी दूषित केलेली शेणाने सारवलेली जमीन ४८ तासांनंतर संसर्ग देत नाही, आणि चुन्याची जमीन २४ तासांनंतर. म्हणजे ज्या जमिनी खणल्या, ज्यांवर पिंपेच्या पिंपे ओतली, त्या एक-दोन दिवसांत आपोआपच निरुपद्रवी होत होत्या. पिसू मात्र उंदरांबरोबर शेजारच्या घरात जात होती. भारतात प्लेगने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली.

१७/
त्या अधिकाऱ्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. कार्बोलिक प्लेगच्या जिवाणूला खरोखर मारते. परीक्षानळीत ते सिद्धच होते. चूक रसायनात नव्हती, रस्त्यात होती. शिवाय चुना लावलेली भिंत दिसते, मोजता येते, अहवालात लिहिता येते : आज इतकी घरे झाली. पिसू अहवालात मावत नाही. सरकारांना दिसणाऱ्या उपायाची ओढ असते, आणि घाबरलेल्या नागरिकांनाही.

१८/
सव्वाशे वर्षांनी काय झाले? मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेलीत घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. माणसांवर असे फवारे मारू नयेत, हे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला लेखी सांगावे लागले. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सात दिवसांपर्यंत करोना विषाणू मारत राहील असा दावा असलेल्या एका लेपाला, विमानांत वापरण्यासाठी, आणीबाणीची परवानगी दिली. आणि एप्रिल २०२१ मध्ये त्याच देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशोब मांडला : दूषित पृष्ठभागाला स्पर्श करून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी. विषाणू मुख्यतः श्वासातून, हवेतून जात होता. त्या वर्षांत लेपांवर खर्च झालेल्या पैशांत किती वर्गांना खिडक्या बसल्या असत्या!

१९/
यावर एक उत्तर ठरलेले असते : "लागला नाही, तरी लेपाने बिघडले काय?" बिघडते. थोडे विष दीर्घकाळ सुटत राहणे म्हणजे जिवाणूंना तालीम देणे.
१९७५ मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीच्या औषधाला दाद न देणारा साल्मोनेला आढळल्याची नोंद आहे. तो काही प्रतिजैविकांनाही पुरून उरत होता. भाजलेल्या कातडीवर चांदी हे तेव्हाचे मोठे शस्त्र. तीच चांदी पुढे मोज्यांत आली. २००८ मध्ये ॲरिझोनातील संशोधकांनी असे मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काहींतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली. मोजे पुन्हा साधे झाले, चांदी सांडपाण्यात गेली. पहिला प्रश्न पुन्हा तिथेच उभा.

२०/
ट्रायक्लोसानची कथा अशीच. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यासाठी आलेले हे रसायन १९९० च्या दशकात साबणांत, प्लास्टिकच्या भांड्यांत, खेळण्यांत शिरले. सगळ्यांना वाटे की ते जिवाणूवर चहूबाजूंनी हल्ला करते, म्हणून प्रतिकार निर्माण होणार नाही. १९९८ मध्ये स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की ते एका विशिष्ट विकरावर नेम धरते; त्या एका जागी बदल झाला की जिवाणू निसटतो. २०१६ मध्ये अमेरिकेने अशा १९ द्रव्यांना घरगुती साबणातून हद्दपार केले. कारण साधे होते : साध्या साबणापेक्षा ते अधिक उपयोगी आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही.

२१/
९९.९ हा आकडा येतो तरी कुठून? प्रचलित आंतरराष्ट्रीय चाचणीत नमुन्याच्या तुकड्यावर जिवाणूंचा द्रव ठेवतात, वर पातळ प्लास्टिक झाकतात, आणि ३५ अंश तापमानाला, ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत, २४ तास राहू देतात. मग मोजतात. म्हणजे ओले, उबदार, झाकलेले, दिवसभर निवांत. लोकलच्या दांडीवर यातले काय आहे? ती कोरडी असते, घामाने व धुळीने माखलेली असते, आणि पुढचा हात २४ तासांनी नव्हे, दोन सेकंदांनी येतो. आकडा खोटा नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

२२/
मग हे सगळे टाकाऊ का? नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरे अनुकूल असलेली एक जागा आहे : रुग्णालय. तिथे रोग खरोखरच हात आणि कठडे यांच्यामार्फत फिरतो, आणि रुग्ण अशक्त असतो. १९८३ मध्ये फिलिस कुन यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या दारांच्या मुठी तपासल्या. झळझळीत स्टीलच्या मुठींवर जिवाणू रग्गड, काळवंडलेल्या पितळेच्या मुठींवर नगण्य. २००८ मध्ये अमेरिकेने तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून नोंदवले. २०१३ मध्ये तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील चाचणीचे निष्कर्ष आले : कठडे, टेबले, सलाइनचे खांब तांब्याचे केलेल्या खोल्यांत संसर्ग निम्म्याहून कमी. मात्र रुग्णांची संख्या लहान होती, आणि कोणती खोली तांब्याची हे कर्मचाऱ्यांना उघड दिसत होते. आशादायक आहे, अंतिम नव्हे.

२३/
घन तांब्याची मूठ आणि भिंतीवरचा नॅनो-चांदीचा रंग यांना एकाच पारड्यात घालणे मात्र चूक आहे. मुठीतून सुटणारे तांबे अत्यल्प, ते बाळाच्या दुधात जात नाही, आणि मूठ झिजायला दशके लागतात. रंगाचे तसे नाही. घासला, सोलला, पावसाने धुतला की तो गटारात जातो, आणि ज्या भिंतीला कोणी हातही लावत नाही, तिथे तो मुळात कोणाला मारत होता? सार्वजनिक पैसा खर्चायचाच असेल, तर तो अतिदक्षता विभागाच्या कठड्यांवर आणि सफाई कामगारांच्या पगारावर खर्चावा. शाळांच्या भिंतींवर नको. आणि जे उत्पादन मारल्याचा आकडा छापते, त्याला सुटल्याचा आकडाही छापणे सक्तीचे असावे.

२४/
अमेरिकेने तांब्याची नोंदणी करताना दोन अटी घातल्या आहेत. हा पृष्ठभाग नेहमीच्या सफाईची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगायचे. आणि त्यावर मेण, रंग, व्हार्निश असे काहीही चढवायचे नाही. डेव्हींची जहाजे आठवली, तर दुसरी अट लगेच कळते. आपल्याकडे जुन्या इमारतींत, कचेऱ्यांत पितळेच्या सुंदर मुठी अजून दिसतात. त्यांची चकाकी टिकावी म्हणून बहुतेकदा त्यांवर पारदर्शक लॅकर मारलेले असते. तिथे हात टेकतो तो पितळेवर नव्हे, लॅकरवर.